काटा कोणाच्या हाती?



सीतादही होऊन पहिला वेचा घरी आला की आमच्या प्रत्येक बैठकीत पहिला प्रश्न येतो: भाव काय? प्रश्न बरोबर आहे. पण त्याच्या आधी विचारायचा एक प्रश्न राहून जातो. भाव कशाचा? किती किलोचा, किती ओलाव्याचा, आणि ते किलो मोजले कोणी?

एका बैठकीतली गोष्ट सांगतो. शेजारशेजारच्या गावांतले दोन शेतकरी वादाला लागले. एक म्हणाला, "मले पाकिटाले चार क्विंटल झाला." दुसरा म्हणाला, "मले एकरी सहा." सगळ्यांनी सहावाल्याचे बियाणे कोणते ते लिहून घेतले. आम्ही पहिल्याला विचारले, एकरात पाकिटे किती लावली? तो म्हणाला, दोन. म्हणजे त्याचा कापूस एकरी आठ क्विंटल झाला होता. लहान आकडा सांगणाऱ्याचे पीक मोठे होते, आणि अख्खी बैठक उलटे बियाणे लिहून घेत होती. दोघेही खरे बोलत होते. फक्त दोघांचे माप वेगळे होते.

खताचेही तेच. बापाच्या काळापासून आपण म्हणतो, एकरी एक पोते युरिया. पण पोते हे माप नव्हे. ५० किलोचे पोते २०१८ साली ४५ किलोचे झाले. पन्नासाच्या पोत्यात २३ किलो नत्र होते, पंचेचाळिसाच्या पोत्यात २०.७ किलो आहे. पोते एकच, बोलणेही तेच, पण पऱ्हाटीला मिळणारे नत्र दहा टक्क्यांनी घटले. किती जणांनी हिशेब बदलला?

आम्ही शेतीशास्त्र शिकलो ते हेक्टरात. गावात आलो तर सगळे बोलणे एकरात, आणि सातबारा पुन्हा हेक्टर-आरमध्ये. मदत जाहीर होते ती हेक्टरी. राष्ट्रीय आपत्ती निवारणाच्या निकषात कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये धरले, म्हणजे एकरी सुमारे ३,४४०. एका हेक्टरात अडीच एकराला थोडे कमी बसतात, एवढे एक गणित पाठ असले तर भाषणातला मोठा आकडा आपल्या वावरात केवढा उरतो ते तिथल्या तिथे कळते.

आता थोडे मागे जाऊ. वऱ्हाडात पायली होती, कुडव होता, मण होता, खंडी होती. नावे सगळीकडे तीच, पण माप गावागणिक वेगळे. शिवाय एकाच गावात, एकाच पायलीची दोन मापे. सावकार ज्वारी द्यायचा ती मापाच्या काठावरून हात फिरवून, सपाट. सुगीला सवाई-दिढीने परत घ्यायचा ती शिगोशीग. व्याज वहीत लिहिलेले असे; शिगेची ज्वारी कुठेच लिहिलेली नसे.

हे दुखणे एकट्या वऱ्हाडाचे नव्हते. १७८९ साली फ्रान्समध्ये गावोगावच्या लोकांनी आपल्या तक्रारींच्या वह्या राजाकडे पाठवल्या. त्यांतल्या कित्येक वह्यांत जमीनदाराच्या मापाची तक्रार होती. खंडाचे धान्य घ्यायचे माप मोठे, शिगेचे, आणि ते ठेवायचा हक्क जमीनदाराचाच. मागणी होती की साऱ्या देशाला एक वजन आणि एक माप असावे. पुढे १७९५ साली तिथे मीटर, लिटर आणि ग्रॅम कायद्याने आले. शास्त्रज्ञांना आणि व्यापाऱ्यांनाही ते हवे होते, हे खरे. पण आज आपण सहज 'किलो' म्हणतो, त्याच्या मुळाशी शेतकऱ्याचाही संताप आहे, हे विसरू नये.

आपल्याकडे मापाला शिस्त आली ती वेगळ्या वाटेने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी झाली, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर वळली. १८८६ साली कारंजाचा (आता वाशिम जिल्हा) कापूस बाजार हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने नियमाखाली आला. देशातला पहिला नियंत्रित बाजार तो हाच मानतात. १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्यामागचा मोठा हेतू गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी भावात मिळावा हा होता. आपले जे भले झाले ते ओघाने.

स्वराज्यात १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलो आला. शेर गेला, पायली माळ्यावर गेली. आज २००९ चा वैध मापन कायदा आहे, तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. काट्याची पडताळणी होऊन त्यावर शिक्का असलाच पाहिजे, हे बंधनकारक आहे. म्हणजे सगळ्यांचे माप एक झाले. मग भांडण मिटले का?

नाही मिटले. कारण माप एक झाले तरी मोजणारा हात एकच राहिला, आणि तो आपला नाही. पूर्वी शीग होती, आता कट्टी आहे. खेडा खरेदीला येणारा आपलाच काटा आणतो, बारदान्याचे वजन आपणच सांगतो आणि क्विंटलमागे किलो-दोन किलो आपल्याच तोंडाने कापतो. असे करणारा कुठल्या गावात आला नाही?

ओलाव्याचा हिशेब बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. सीसीआयच्या केंद्रावर पूर्ण भाव मिळतो तो ८ टक्के ओलाव्यापर्यंत, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात होते आणि त्यावर माल परत. १२ टक्के ओलाव्याच्या १०० किलोंत कोरडा माल ८८ किलो असतो. तो ८ टक्क्यांवर आणला तर ९५.६५ किलो भरतो. म्हणजे कपात शास्त्राला धरून आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही. पण यंत्राने १२ दाखवले की ८, यावर क्विंटलमागे चार किलोंहून जास्त, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास रुपये अवलंबून आहेत. ते यंत्र बोंडात कुठे खुपसले, किती ठिकाणी खुपसले, आकडा कोणी वाचला, हे बघायला आपण बंडीजवळ उभे होतो का?

आणि खंडी खरोखर गेली का? रुईचा भाव आजही खंडीतच निघतो. खंडी म्हणजे जुने ७८४ पौंड, आजचे ३५५.६२ किलो. आपण कापूस विकतो क्विंटलने, गाठ बांधली जाते १७० किलोची, आणि अमेरिकेच्या बाजारातला भाव पौंडाला सेंटमध्ये. चार ठिकाणी चार मापे, म्हणून रेडिओवर रुईचा भाव ऐकूनही आपल्याला काही उमगत नाही. हे गणित घरी करा. क्विंटलभर कापसातून ३४ किलोच्या आसपास रुई निघते. म्हणजे एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. समजा, रुई ५५,००० रुपये खंडी आहे. तर आपल्या क्विंटलातली रुई झाली सुमारे ५,२५० रुपयांची. सरकी ६४ किलो धरा आणि ३५ रुपये भाव समजा, ते २,२४० रुपये. बेरीज साडेसात हजाराच्या घरात. यातून जिनिंगचा, वाहतुकीचा खर्च आणि व्यापाऱ्याचा नफा वजा करा. आता दारात येऊन कोणी साडेसहा हजार म्हटले, तर त्याच्याशी काय बोलायचे ते तुम्हाला ठाऊक आहे.

पावसाचेही तसेच. आपण म्हणतो, वीतभर ओल गेली, नाला वाहिला. कचेरी विचारते, मिलिमीटर किती? चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटर नोंदले तर ती अतिवृष्टी. मापक यंत्र बसते मंडळाच्या एका जागी, आणि ढग फुटतो दहा-बारा किलोमीटरवर आपल्या वावरात. आपल्याकडे नोंदच नसेल तर तक्रार कशाच्या जोरावर करायची? सरळ बाजूंचा कोणताही डबा मोकळ्या जागी, झाडापासून दूर ठेवा. सकाळी आत पट्टी धरा. जेवढे मिलिमीटर पाणी, तेवढा पाऊस. सरकार ही नोंद लगेच मानेल असे नाही. पण वीस गावांच्या वह्या तहसील कचेरीत एकदम ठेवल्या तर त्या उडवून लावणे सोपे नाही.

पीक विम्यात तर मापावरच सारे ठरते. २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगावर आली आहे. समजा, प्रयोगाचा तुकडा १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे. म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. तिथे तोलताना एक किलो ज्वारी जास्त धरली, तर हेक्टरी दोन क्विंटल उत्पन्न जास्त दिसते, आणि साऱ्या मंडळाची भरपाई त्याने घसरते. त्या दिवशी गावातले चार जण फीत आणि काटा घेऊन धुऱ्यावर उभे राहिले पाहिजेत.

आता शेवटचे, आणि ते आपल्याच घरचे. वेचाई आपण किलोवर देतो. संध्याकाळी मायबहिणी गाठोडी घेऊन आपल्या दारात उभ्या असतात, तेव्हा काटा आपला असतो, वाचणारे आपणच असतो. दव पडलेल्या सकाळच्या कापसाला गाठोड्यामागे अंदाजाने किलो कापणारे आपल्यात नाहीत का? व्यापाऱ्याची कट्टी आपल्याला खुपते, तर तीच कट्टी आपण खाली का उतरवतो? ज्याला खरा काटा मागायचा आहे, त्याने आधी आपल्या ओसरीवर खरा काटा टांगावा आणि आकडा वेचणारीला वाचू द्यावा.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. एक, प्रत्येक गावाने वर्गणीतून शिक्क्याचा एक काटा घ्यावा. घरचे वजन केल्याशिवाय कापूस बंडीत भरू नये. दोन, समोरच्याचा काटा तपासायला लिटरच्या मापाने कॅनमध्ये वीस लिटर पाणी भरावे. रिकाम्या कॅनचे वजन सोडून वीस किलो भरलेच पाहिजे. तीन, उत्पन्न सांगताना पाकीट आणि पोते बंद. एकर आणि क्विंटल हेच बोलावे. चार, पाऊस, वेचा, विक्रीचे वजन आणि ओलावा यांची तारीखवार वही ठेवावी, आणि वजनाची पावती घेतल्याशिवाय काट्यावरून हलू नये.

यातल्या एकाही गोष्टीला कोणाची परवानगी लागत नाही. भावासाठी भांडायचे आहेच, ते थांबणार नाही. पण पुढच्या बैठकीला येताना वही घेऊन या. भांडण आकड्यावर करू.