स्कॅनलाइन हा दोष नाही

या महिन्यात वाचकांची जी पत्रे आली, त्यांत एकच तक्रार अनेक स्टुडिओंतून आली आहे. मालिकेतल्या काल्पनिक संगणकाचा पडदा दिग्दर्शकाला १९७९च्या 'एलियन'मधल्या नोस्ट्रोमो जहाजावर शोभेल असा हवा असतो. स्कॅनलाइन, फॉस्फरचा रेंगाळणारा माग, हलका फ्लिकर, सारे ब्रीफमध्ये लिहिलेले असते. शॉट मंजूर होतो आणि मग क्यूसीचा अहवाल येतो: आडव्या रेषा, घोस्टिंग, चित्र अस्थिर, दुरुस्त करून पाठवा. रेषा काढल्या की दिग्दर्शक विचारतो, रेषा कुठे गेल्या? तिसरी आवृत्ती फुकट करायची, आणि क्यूसी पास नाही म्हणून बिल तोवर अडलेले.

हे चालणार नाही. ज्याच्यापर्यंत ब्रीफच पोचत नाही, त्याच्या शेऱ्यावर बिल अडवण्याची पद्धत मुळातच चुकीची आहे. त्यात अनेकदा तपासणी मास्टरवर न होता प्रॉक्सीवर होते. २१६०च्या मास्टरमध्ये २४० स्कॅनलाइन बसवल्या तर प्रत्येकीला नेमके ९ पिक्सेल मिळतात. तोच शॉट १०८०वर आणला की वाट्याला साडेचार येतात, रेषा जाड-बारीक होतात आणि मोआरे उमटतो. दोष प्रॉक्सीत आणि शेरा मास्टरवर! फ्लॅशची मर्यादा मात्र काटेकोर पाळा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट अपस्माराच्या रुग्णाला घातक ठरू शकतो. तिथे क्यूसीशी वाद घालू नये.

पण सगळे खापर क्यूसीवर फोडून आपली सुटका नाही. आपल्यातले कितीतरी जण आधी गुळगुळीत यूआय करतात आणि शेवटी अॅडजस्टमेंट लेअरवर तयार प्रीसेट टाकून मोकळे होतात. असे काम पाहणाऱ्याला बिघाडच वाटणार. '२००१: अ स्पेस ओडिसी'तले (१९६८) पडदे १६ मिमी फिल्म मागून प्रक्षेपित करून चालवले होते. 'एस्केप फ्रॉम न्यू यॉर्क'मधले (१९८१) शहराचे वायरफ्रेम म्हणजे काळ्या रंगवलेल्या प्रतिकृतींच्या कडांना चमकत्या पट्ट्या लावून केलेले चित्रीकरण होते. 'एलियन: आयसोलेशन' (२०१४) या गेमच्या चमूने आपली ग्राफिक्स व्हीएचएसवर उतरवली, जुन्या टीव्हीवर चालवली आणि तिथून पुन्हा टिपली. पडद्याचा पोत या साऱ्यांना साधनातूनच मिळाला.

आपल्या कामातही यंत्र आधी ठरायला हवे. वेक्टर डिस्प्लेला स्कॅनलाइन नसतात, तरी वायरफ्रेमवर त्या सर्रास दिसतात. ३०० बॉडच्या लाइनवर सेकंदाला ३० अक्षरे येतात. म्हणजे ८० × २४चा पडदा भरायला ६४ सेकंद लागतात, ९६०० बॉडवर फक्त २. टाइप-ऑनचा वेग या हिशेबाने ठरवा. रेंगाळणाऱ्या फॉस्फरचा माग हलत्या किंवा पुसलेल्या अक्षरामागे राहतो. स्थिर अक्षराला सरसकट ग्लो दिला म्हणजे फॉस्फर साधला, असे होत नाही.

तेव्हा प्रत्येक कामाला एका पानाचे यंत्रपत्रक जोडा: डिस्प्लेचा प्रकार, ओळी, रिफ्रेश, बॉड, फॉस्फर आणि हेतुपुरस्सर ठेवलेले परिणाम. पहिली फ्रेम रेंडर होण्याआधी त्यावर दिग्दर्शकाची सही घ्या आणि त्याची प्रत क्यूसीकडे पाठवा. स्कॅनलाइन ३६० धरा, कारण २१६०, १०८० आणि ७२० या तिन्हींना ३६०ने पूर्ण भाग जातो. करारात लिहून घ्या की, सही झालेल्या पत्रकातला परिणाम नाकारला गेला तर फेरकामाचे पैसे वेगळे मिळतील आणि मूळ बिल अडणार नाही.

एकट्या फ्रीलान्सरने ही अट घातली तर काम शेजारच्याकडे जाईल. म्हणून मुंबई-पुण्यातल्या लहान-मोठ्या सर्व स्टुडिओंनी ती एकाच वेळी घातली पाहिजे. तुमची पत्रके आणि नाकारलेल्या शॉटचे अहवाल आमच्याकडे पाठवा. त्यांतून एक सामाईक मसुदा तयार करू, आणि पुढचे काम त्या मसुद्यावर सही झाल्याशिवाय कोणीही हाती घेऊ नये.