आधी साधी लागर पाजा

मंडळी, पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही ब्रूपबने नवी बिअर काढली की लगेच दोन तट पडतात. पहिला तट म्हणतो, "एका ग्लासला चारशे रुपये? लूट आहे राव!" दुसरा म्हणतो, "डबल ड्राय-हॉप्ड हेझी आयपीए आहे ही. स्टाइल कळत नसेल तर जा वाइन शॉपवर आणि स्ट्राँगची बाटली आण." मग दोन दिवस तुंबळ युद्ध. पुढच्या शनिवारी पुढची बिअर आणि पुन्हा तेच. या सगळ्या गदारोळात एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही... बिअर नीट बनवली होती का?

माझ्या मते भाववाले आणि स्टाइलवाले, दोघंही चुकीच्या जागी भांडतायत. आपण पैसे मोजतो ते नावीन्याला, आणि कारागिरी फुकटात मागतो. हे असंच चालू राहिलं तर आपल्या ग्लासात महाग आणि सुमार बिअरच येणार.

आधी भाववाल्यांचा समाचार घेऊ. त्यांचं लाडकं वाक्य म्हणजे "एवढ्यात दुकानातून दोन-तीन बाटल्या येतात". येतात की! पण त्या बाटलीचा भाव म्हणजे प्रामाणिकपणाचं माप, हे कुणी सांगितलं? सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने युनायटेड ब्रुअरीज आणि कार्ल्सबर्ग इंडिया या कंपन्यांना मिळून साधारण ८७० कोटींचा दंड ठोठावला. कारण काय, तर २००९ ते २०१८ अशी जवळजवळ दहा वर्षं आपसांत संगनमत करून बिअरचे भाव ठरवले म्हणून. तिसरी मोठी कंपनी माफीची साक्षीदार झाली म्हणून सुटली. २०२२ मध्ये अपील फेटाळलं गेलं आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे ज्या "वाजवी" बाटलीशी तुम्ही तुलना करता, तिच्या किमतीवर वर्षानुवर्षं काय शिजत होतं ते बघा.

शिवाय बिलातला सरकारचा वाटा विसरू नका. दारू जीएसटीच्या बाहेर आहे. तिच्यावर राज्याचं उत्पादन शुल्क लागतं आणि वर व्हॅट. परमिट रूममध्ये बसून प्यायच्या दारूवरचा व्हॅट महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर नेला. त्यात कोरेगाव पार्कात किंवा लोअर परळला जागेचं भाडं काय असतं हे मी आयटीवाल्यांना सांगायला नको. चारशेतले किती रुपये प्रत्यक्ष बिअर बनवणाऱ्याच्या हातात पडत असतील याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

भाववाले खूश नसतील, हरकत नाही. आता स्टाइलवाल्यांकडे वळू.

हेझी आयपीए महाग का? याला खरं उत्तर आहे. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये 'द अल्केमिस्ट'ने २००४ मध्ये 'हेडी टॉपर' बनवली, तिथून या गढूळ, फळांच्या वासाच्या बिअरचं वेड पसरलं. साध्या पिल्सनरला लिटरमागे दोन-चार ग्रॅम हॉप्स पुरतात, हिला दहा-पंधरा ग्रॅम सहज लागतात. सिट्रा, मोझॅक या जाती हक्काखालच्या, आणि आपल्याकडे त्या परदेशातूनच येतात. वर एवढे हॉप्स स्पंजसारखी बिअर पितात, म्हणजे टाकीतून हाती येणारा मालही कमी. मान्य, खर्च आहे.

पण आता दुसरा हिशोब मांडू. ब्रूपबमध्ये सगळ्यात महागडी गोष्ट कोणती? टाकी. ती कितीही हवी असली तरी जागेमुळे पाच-सहाच्या वर बसत नाही. हेफेवाइझन, विटबिअर, आयपीए या एल जातीच्या बिअर साधारण दोन आठवड्यांत तयार होतात. लागर मात्र शून्याच्या आसपासच्या थंडीत शांत मुरावी लागते, नीट करायची तर चार ते सहा आठवडे. म्हणजे त्याच टाकीतून वर्षाला एलचे २६ घाणे निघतील, तर लागरचे जेमतेम १०. टाकीच्या वेळेचा खर्च धरला तर लागर अडीचपटीहून महाग पडते! तरी मेनूवर सगळ्यात स्वस्त कोण? लागर. का? तर ती "साधी" आहे म्हणून.

आणि साधी म्हणजे सोपी नव्हे. १८४२ मध्ये पिल्झेन गावात योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन माणसाने पहिली सोनेरी लागर बनवली, तेव्हापासून तिची रेसिपी एका पोस्टकार्डावर मावते. पण तिच्यात लपायला जागा नाही. किण्वन घाईत उरकलं तर लोण्याचा वास येतो. बिअर कच्ची राहिली तर हिरव्या सफरचंदाचा येतो. हवा लागली तर भिजलेल्या पुठ्ठ्याचा. यातलं काहीही लागरमध्ये पहिल्या घोटाला कळतं. तेच त्यात आंब्याचा गर, कॉफी, व्हॅनिला आणि लॅक्टोज घाला... कुणाच्या बापाला कळतंय? शिळ्या वरणाला झणझणीत फोडणी दिली की पाहुणे बोटं चाटतात, तशातली गत. खानावळ पारखायची तर तिथलं साधं वरण खाऊन बघावं, ब्रुअरी पारखायची तर तिची लागर.

आपल्या धंद्यातलं उदाहरण देतो. दर शुक्रवारी नवं फीचर काढायचं, टेस्टिंग ग्राहकाने करायचं, बग सापडला तर "अहो ते डिझाइनच तसं आहे" म्हणायचं... अशा कंपनीला आपण काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही :-) मग ब्रुअरीने हेच केलं की ती एकदम "प्रयोगशील" कशी होते? घशात हॉप्स ओरबाडले तरी "हेझी अशीच असते", आंबट झाली तरी "वाइल्ड आहे". स्टाइलचं नाव ही सबब झाली आहे आणि ती सबब ब्रुअरपेक्षा चाहतेच जास्त वापरतात.

यावर ठरलेला आक्षेप येतो, की मग प्रयोग करूच नयेत का? जरूर करावेत. कोकम घातलेली गोझे घ्या. गोझे ही मुळात जर्मनीतली आंबट-खारट बिअर, आणि आंबट-खारटात कोकमाचा हात कोण धरणार? तो प्रयोग विचार करून केलेला असतो, स्टाइलचं व्याकरण समजून. २००९ मध्ये पुण्यात डूलली सुरू झालं तेव्हा मुळात ताजी बिअर हाच प्रयोग होता. माझा राग प्रयोगावर नाही, दर आठवड्याला प्रयोग हवाच या हावेवर आहे. ती हाव ब्रुअरची नाही, आपली आहे. एकदा चाखली, फोटो काढला, रेटिंग दिलं, पुढची कुठाय? अशा गिऱ्हाइकासाठी सहा आठवडे लागर मुरवत बसणारा ब्रुअर वेडाच ठरेल.

याचं टोक अमेरिकेत दिसलं. सॅन फ्रान्सिस्कोची १८९६ सालची अँकर ब्रुअरी, जी १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅगने बुडता बुडता वाचवली आणि जिच्यापासून क्राफ्ट बिअरची आख्खी चळवळ सुरू झाली असं मानतात, ती २०२३ मध्ये बंद पडली. कारणं बरीच होती, मालक बदलले होते, कोविड येऊन गेला होता. २०२४ मध्ये नव्या मालकाने ती विकतही घेतली. पण तिची स्टीम बिअर "महान" म्हणणारे अगणित आणि दर आठवड्याला पिणारे मोजके, हे काही खोटं नाही. त्याच २०२४ मध्ये अमेरिकेत उघडल्या त्यापेक्षा जास्त क्राफ्ट ब्रुअरीज बंद पडल्या.

तेव्हा भांडायचंच असेल तर कामाच्या गोष्टींवर भांडा. मेनूवर ग्लास किती मिलिलिटरचा ते लिहायला लावा; आपल्याकडे ३३० मिलीलाही पाइंट म्हणतात, इंग्लंडात तो ५६८ चा असतो. हॉपवाली बिअर असेल तर केग कधी भरला ते विचारा, कारण तिचा वास काही आठवड्यांतच उडतो. वास बिघडलेला वाटला तर ग्लास शांतपणे परत करा. आणि वर्षभर त्याच चवीची लागर देणारी जागा सापडली, तर तिथे आयपीएइतकेच पैसे कुरकुर न करता द्या.

चारशे रुपये जास्त आहेत का? नीट मुरलेल्या लागरला मुळीच नाहीत. आंब्याखाली झाकलेल्या घाईला चाळीससुद्धा जास्त आहेत.