आयटीआयच्या मुलांची संघटना हवीच

जालना जिल्ह्यातल्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनच्या मुलांनी आपली स्वतःची संघटना उभी करावी, असं कुठंही बोलून बघा, उत्तर ठरलेलं आहे. पोरं हाताला काम लागावं म्हणून येतात, पुढारी व्हायला नाही. एक-दोन वर्षांचा कोर्स, त्यात कसली संघटना आणि कसलं काय! असं बोलणारे मुलांचे वैरी नसतात. बहुतेक वेळा ते बाप असतात, मामा असतात, कधी शिकवणारे निदेशकच असतात. त्यांची काळजी खरी आहे. त्या काळजीतून ते जो निष्कर्ष काढतात तो मात्र साफ चुकीचा आहे, आणि त्याची किंमत मुलं मोजत आली आहेत.

किंमत किती, तर तिचा एक आकडाच आहे. महाराष्ट्रातल्या आयटीआयच्या विद्यार्थ्याला मिळणारं विद्यावेतन सुमारे चार दशकं महिना ४० रुपये होतं. चाळीस वर्षांत सोयाबीनचे भाव बदलले, एसटीचं तिकीट बदललं, आमदारांची वेतनं कितीदा तरी बदलली. हे ४० रुपये जागचे हलले नाहीत. इतक्या पैशात आज एक बरी कानसही येत नाही. २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं ही रक्कम ५०० रुपयांवर नेली, ते चांगलंच झालं. पण इतकी वर्षं ती का अडून राहिली? निवासी डॉक्टरही शिकणारेच असतात आणि त्यांनाही विद्यावेतनच मिळतं. त्यांची ‘मार्ड’ ही संघटना आहे. मार्डनं वेळोवेळी सरकारला चर्चेला बसवलं आणि विद्यावेतन वाढवून घेतलं. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलानं संघटना केली तर तो त्याचा हक्क ठरतो आणि वेल्डर होऊ घातलेल्यानं केली तर ते पुढारपण ठरतं. हा भेद कुठल्या न्यायात बसतो?

भेद नुसता लोकांच्या मनात नाही, कायद्यातही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये विद्यार्थी परिषदेची तरतूद आहे, त्यामुळे बी.ए.च्या मुलाला निदान कागदावर तरी जागा आहे. आयटीआय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाखाली येते आणि तंत्रनिकेतन तंत्रशिक्षण मंडळाशी जोडलेलं असतं. दोघंही या अधिनियमाच्या बाहेर राहतात. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यातल्या आयटीआयमध्ये संविधान मंदिरं उभी राहिली. त्या संविधानाच्या १९व्या अनुच्छेदात संघटना करण्याचं स्वातंत्र्य नागरिकाला दिलेलं आहे, आणि ते देताना पदवी विचारलेली नाही. मंदिरासमोरून रोज वर्कशॉपकडे जाणाऱ्या मुलाला तो अनुच्छेद वापरून बघायची संधी नसेल, तर आपण त्याला संविधानाचं नेमकं काय शिकवतो?

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. संघटना आली की पक्ष येतात, पक्ष आले की दादागिरी येते. याला इतिहासाचा आधार आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला, आणि पुढं १९९४च्या विद्यापीठ कायद्यानं खुल्या निवडणुका जाऊन गुणवत्तेवर नेमणुका आल्या. त्या काळी कॉलेजात असलेल्या पिढीच्या मनात ती भीती अजून आहे. पण निवडणुका बंद केल्यानं पक्ष गेले का? पक्ष आहेत तिथंच आहेत. गेलं ते एवढंच, की मुलांनी आपला माणूस आपण निवडायचा, त्याला जाब विचारायचा आणि पुढच्या वर्षी बदलायचा, याची सवय. ही सवय नसलेला मुलगाच मिरवणुकीत झेंडा धरायला सगळ्यात आधी सापडतो.

जालन्यात तर हा मुद्दा फारच जवळचा आहे. १ सप्टेंबर २०२३ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि सगळं राज्य ढवळून निघालं. पुढच्या वर्षी त्याच तालुक्यात वडीगोद्रीला ओबीसींच्या बाजूनं उपोषण सुरू झालं. दोन्हीकडे गर्दी कोणाची होती? विशी-पंचविशीतल्या पोरांची. दोन्हीकडच्या घोषणांच्या तळाशी नोकरीचीच चिंता होती. म्हणजे या जिल्ह्यातल्या मुलांना एकत्र येता येतं, ते त्यांनी सगळ्या राज्याला दाखवून दिलं. त्यांना एकत्र यायला जातीखेरीज दुसरी जागा आपण ठेवलेली नाही, हे खरं दुखणं आहे. फिटरच्या वर्कशॉपमध्ये मराठा, माळी, धनगर, बौद्ध, मुसलमान पोरं एकाच बाकावरच्या शेजारशेजारच्या वाइसवर उभी असतात. ट्रेडच्या नावानं बांधलेली संघटना ही त्यांना एकत्र ठेवणारी, गावात न मिळणारी गोष्ट आहे. राजकारणाच्या भीतीनं तिला नकार देणारे मुलांना राजकारणाच्या सगळ्यात कडवट रूपाकडे ढकलतात, असं मला वाटतं.

दुसरा आक्षेप कारखानदारांच्या तोंडचा. संघटनेची चटक लागलेलं पोर कामावर कोण घेईल? जालन्याचा लोखंडाचा धंदा मोठा आहे. भंगार वितळवून बिलेट आणि बिलेटची सळई करणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल यांनी इथली एमआयडीसी भरलेली आहे. या कामात माणसाला काय सोसावं लागतं ते आपण पाहिलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्याच एका स्टील कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन वीसहून जास्त कामगार जखमी झाले. अशा ठिकाणी उद्या आपला शिकाऊ उमेदवार जाणार. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ त्याला काय देतो? कलम १८ सांगतं की तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. मात्र त्याच कायद्यात असंही आहे, की कारखान्यातले आरोग्याचे आणि सुरक्षिततेचे नियम त्याला लागू होतात, इजा झाली तर भरपाई मिळते आणि करारावरून तंटा झाला तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे दाद मागता येते. मंठ्याहून किंवा जाफराबादहून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला यातलं कोण सांगतं? कळलं तरी तो एकटा दाद मागायला जाईल? कामगार नसल्यामुळं कामगार संघटनेत त्याला खरी जागा मिळत नाही, आणि विद्यार्थी म्हणून तर संघटनाच नाही. असा तो दोन्ही दारांच्या मधे उभा आहे.

कारखानदारांना मी उलट सांगेन. हेल्मेट, हातमोजे, चष्मा मागायची सवय लागलेलं पोर तुमच्याकडे आलं, तर तुमच्या भट्टीपाशी अपघात कमी होतील. जालन्याची शिकलेली पोरं वाळूज, चाकण गाठतात आणि इथं भट्टीपाशी परप्रांतातली माणसं राबतात, ही तक्रार तुमचीच आहे ना? ज्या मुलाशी शिकत असताना तुमची ओळखच झाली नाही, तो इथं का थांबेल?

तिसरा आक्षेप मला लंगडा वाटतो. एनएसएस आहे, खेळाचे सामने आहेत, कौशल्य स्पर्धा आहेत, मग आणखी काय हवं? या सगळ्या गोष्टी चांगल्या आहेत, पण त्या वरून येतात. कधी घ्यायच्या, कुणाला पाठवायचं, सगळं वरच ठरतं. मुलं त्यात भाग घेतात, चालवत नाहीत.

चालवणं म्हणजे काय, ते फिटरच्या एका जॉबवरून सांगतो. लोखंडाचा तुकडा वाइसमध्ये धरायचा, रेघ मारायची, पंचनं टिंबं द्यायची, हॅक्सॉनं कापायचं आणि मग कानशीनं घासत राहायचं. नंतर गुण्या लावून तुकडा खिडकीच्या उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेडाची बारीकशी रेघ दिसली की परत घासायचं. दोन तुकडे एकमेकांत अलगद, न हलता बसेपर्यंत पोराची मनगटं भरून येतात. पुढं काय? निदेशक मोजतात, मार्क पडतात, वहीवर सही होते आणि जॉब कपाटात जातो. ते काम ना घरच्यांनी पाहिलेलं असतं, ना एमआयडीसीतल्या कुणी. मुलांची संघटना असती तर वर्षातून एकदा परतूर, भोकरदन, घनसावंगी, सगळीकडचे जॉब जालन्यात एका ठिकाणी मांडले गेले असते. गुणही मुलांनी नेमलेल्या, कारखान्यात मुरलेल्या माजी विद्यार्थ्यांनी दिले असते. जागा मिळवणं, वर्गणीचा हिशेब ठेवणं, उद्योजकाला बोलावून आणणं, त्याच्यासमोर उभं राहून आपलं काम समजावणं, हे सगळं पोरांनीच केलं असतं. मुलाखतीत नेमकं हेच येत नाही म्हणून आपण त्यांना नावं ठेवतो.

अमेरिकेत हे फार आधी ओळखलं गेलं. शेती शिकणाऱ्या मुलांची एफएफए ही संघटना १९२८ मध्ये कॅन्सस सिटीत स्थापन झाली. औद्योगिक शिक्षणातल्या मुलांची संघटना १९६५ची, आज ती स्किल्सयूएसए या नावानं चालते. पदाधिकारी मुलं, सभा मुलांची, आणि सभेचं कामकाज नियमानं चालवण्याच्या स्पर्धासुद्धा होतात. तिथं ही संघटना अभ्यासाचाच भाग मानतात.

पण इतकं लांब जायची गरज नाही. जालन्याजवळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याच्या पाच तारखेला शेतकऱ्यांचं मासिक चर्चासत्र भरतं. कडवंचीसारख्या गावानं पाणलोटाच्या कामातून द्राक्षं उभी केली, त्यामागं एकत्र बसून बोलायची ही रीत आहे. शेतकऱ्याला महिन्यातून एकदा बसायला जागा लागते, हे इथं सगळ्यांना पटतं. शेतकऱ्याच्या पोराला ती लागत नाही, असं कसं?

सुरुवात कुठून करायची, तेही सांगतो. २००७-०८च्या केंद्राच्या योजनेत देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज मिळालं आणि तिथं संस्था व्यवस्थापन समित्या आल्या. अध्यक्ष उद्योगाचा, सोबत स्थानिक उद्योजक, सरकारनं नेमलेली माणसं, आणि त्यांत विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी. ती खुर्ची नियमातच आहे, नवा कायदा लागत नाही. जिल्ह्यात जिथं जिथं अशी समिती आहे, तिथं प्रत्येक ट्रेडच्या मुलांनी आपापला एक प्रतिनिधी मतानं निवडावा, त्या सगळ्यांनी मिळून समितीवर एकाला पाठवावं, आणि बैठकीत काय ठरलं ते त्यानं दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या फलकावर लिहावं. यंत्रं बंद का आहेत, कच्चा माल कधी येणार, कॅम्पसला कोणत्या कंपन्या बोलावल्या, निदेशकाची रिकामी जागा कधी भरणार, हे प्रश्न त्या बैठकीत मुलांच्या तोंडून यायला हवेत. प्राचार्यांनी पुढच्या प्रवेशाची वाट न बघता हे याच सत्रात सुरू करावं.