कॅमेरा महाग कीं दृष्टि सावध?

हल्लीं विद्यार्थिवर्गांत छायाचित्रणाचा छंद वाढला आहे, हें आम्हांस आनंदाचेंच वाटतें. परंतु छंदामागोमाग पालकांकडे मागणी येते : जुना कॅमेरा नको, अधिक मेगापिक्सेलचा नवा हवा! पालकांनीं येथें थोडा हिशेब करावा. सहा इंच लांब व चार इंच रुंद चित्र, इंचास ३०० ठिपके या प्रमाणानें छापावयास २१,६०,००० ठिपके पुरतात. म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलही लागत नाहींत. साधा मोबाइलसुद्धां याहून कितीतरी अधिक देतो.

थोड्या साधनांत काय साधतें तें आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकारानें दाखविलें आहे. लहानसा लायका कॅमेरा व ५० मिलिमीटरचें भिंग यांवरच त्यानें बहुतेक काम भागविलें. १९३२ सालीं पॅरिसच्या सें-लाझार स्थानकामागें, कुंपणाच्या फटींतून, साचलेल्या पाण्यावरून झेप घेणारा मनुष्य त्यानें टिपला. टांच पाण्यास टेकण्यापूर्वींचा नेमका तो क्षण! भिंग फटींत पुरतें मावतही नव्हतें.

पक्षी टिपणाऱ्यास लांब पल्ल्याचें भिंग हवें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण खिडकींतलें सकाळचें ऊन आजीच्या मुद्रेवर कसें पडतें हें ज्यानें अद्याप न्याहाळलें नाहीं, त्याची घाई कशासाठीं? फिल्मच्या रिळांत ३६ चित्रें मावत, म्हणून हात जपून चाले. आतां शंभर काढलीं तरी खर्च नाहीं, आणि पुन्हां पाहतो कोण? विद्यार्थ्यांनीं हातीं असलेल्या यंत्रानें एकाच झाडाचें महिनाभर रोज एक, अगदीं एकच, चित्र काढावें. तीं तीस चित्रें पालकांसमोर मांडावीं. नव्या कॅमेऱ्याचीं बोलणीं त्यानंतर करावीं.