कवीचं नाव घ्या

वरूड-मोर्शीच्या बागांतला संत्रा ट्रकमध्ये भरला की वाटेतच त्याचं गाव बदलतं. परप्रांतातल्या बाजारात तो ‘नागपूरचा’ म्हणून विकला जातो. 2014 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकनही नागपूर संत्र्याच्याच नावानं आहे. आंबिया बहार घेण्यासाठी झाडं ताणावर सोडणारा, उन्हाळ्यात पाण्यासाठी जिवाचं रान करणारा बागाईतदार मात्र वरूडचा, शेंदुरजनाघाटचा असतो. आपल्या मेहनतीवर दुसऱ्याचं नाव लागलं की काय वाटतं, हे या तालुक्याला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून आपल्याच कार्यक्रमांत आपल्याच कवींची नावं गळतात, तेव्हा ते मला जास्त लागतं.

शाळा-कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत ‘काळ्या मातीत’ हमखास असतं. पोरं धोतर-पागोटं घालून स्टेजवर तिफण धरतात, मंडप डोलतो. आणि सूत्रसंचालक सांगतो, आता सादर होत आहे एक वऱ्हाडी लोकगीत. ते लोकगीत नाही. ती अकोल्याच्या विठ्ठल वाघांची कविता आहे. 1981 च्या ‘अरे संसार संसार’ या चित्रपटातून ती घराघरांत गेली. पाहुण्यांची आणि वर्गणीदारांची नावं दोनदोनदा घेतली जातात. ज्याच्या शब्दांवर मंडप डोलला, त्याचं एकदाही नाही.

सुरेश भटांचंही तेच. लग्नाच्या आदल्या दिवशी ‘मेंदीच्या पानावर’ लागतं आणि सगळे म्हणतात, लताबाईंचं गाणं. लताबाईंचं नाव घ्यावंच, चाल लावणाऱ्या हृदयनाथांचंही घ्यावं. पण ते शब्द 1932 साली अमरावतीत जन्मलेल्या माणसाचे आहेत, हे अमरावती जिल्ह्यात तरी सांगितलं जायला नको का?

यावर लोक म्हणतात, गाणं तोंडी बसलं म्हणजे ते सगळ्यांचंच झालं. कवीसाठी तो मोठा मान आहे, हे मला मान्य आहे. पण त्याचं नाव पुसल्यानं तो मान वाढत नाही. आणि लोकगीत तरी बिननावाचं का असावं? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तिथं ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आहे, तिचं गाव आहे. पहाटे दळताना म्हटलेल्या ओवीला जर नाव-गाव मिळू शकतं, तर ज्यांची पुस्तकं छापून आली आहेत त्या कवींना आपण बेवारस का करतो?

संतांनी ही काळजी फार आधी घेतली होती. अभंगाच्या शेवटी नामा येतो, तुका येतो, जनी येते. एकनाथांनी तर आपल्या नावाला गुरू जनार्दनांचं नाव कायमचं जोडून टाकलं. तीच रीत आपल्या तुकडोजी महाराजांनी भजनांत पाळली. तुकड्या हे नावही त्यांना गुरू आडकोजी महाराजांकडून मिळालेलं. हे नाव शेवटच्या कडव्यात असतं. वेळ कमी आहे म्हणून ते कडवं सोडून दिलं की महाराजांचं नावच सुटतं. भजन मंडळातल्या तरुण गायकांना माझी कळकळीची विनंती आहे, वाटल्यास मधलं कडवं सोडा, शेवटचं गाच.

उलटी चूकही, म्हणजे दुसऱ्याच्या शब्दांवर मोठ्या कवीचं नाव लावणं, तितकीच वाईट. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे पाठात शिरलेल्या अशुद्धाचाच प्रश्न होता. ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालू नका, असं त्यांनी बजावून ठेवलं आहे. आज मोबाइलवर कोणाच्याही चार ओळींखाली भटांचं, कुसुमाग्रजांचं किंवा राष्ट्रसंतांचं नाव लावून पुढे ढकलतात. ज्यानं त्या लिहिल्या त्याच्या हातून त्या जातात, आणि मोठ्या कवीच्या तोंडी त्यानं कधी न लिहिलेले शब्द येतात. दोघांवरही अन्यायच.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 प्रमाणे लेखकानं हक्क विकून टाकले, तरी ती कृती आपली आहे हे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. पैसे देऊनही जे विकत घेता येत नाही, ते आपण नकळत काढून घेत असतो.

27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आहे. त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेत गाण्यासमोर फक्त नाचणाऱ्या मुलांचा वर्ग छापू नका. कवी, संगीतकार, मूळ गायक अशी तिन्ही नावं छापा आणि ती शोधण्याचं काम त्याच मुलांकडे द्या. ग्रंथालयात जाऊ द्या, कवितासंग्रह उघडू द्या. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ग्रामगीतेची ओवी रंगवणार असाल, तर खाली तुकडोजी महाराजांचं नाव आणि अध्यायाचा क्रमांक लिहा. अध्याय एकेचाळीसच आहेत, सापडेल. आणि सगळं शोधूनही एखादं नाव मिळालंच नाही, तर स्टेजवरून ‘कवी अज्ञात’ असं सांगा, ‘पारंपरिक’ म्हणू नका.