कोटीचा घोडा पेपरात, आपला घोडा खिशात



दरवर्षी मार्गशीर्ष आला की पेपरात सारंगखेड्याच्या घोड्यांचे फोटो येतात. एवढ्या लाखाचा, तेवढ्या कोटीचा. बघायला मलाही आवडतं. पण आपल्यासारखा माणूस बाजारात जातो तेव्हा खिशात साठ-सत्तर हजार असतात, आणि त्यातलेही काही दुसऱ्याचे असतात. अशा माणसानं दोन घोड्यांतला कुठला घ्यावा, यावर कुणी लिहीत नाही. म्हणून मी लिहितो. मी काही अश्वतज्ज्ञ नाही, पण एकदा चांगलाच ठेचाळलेलो आहे.

माझा पुतण्या दोन एकरांत सोयाबीन-तूर करतो. भाऊ जाऊन दोन वर्षं झाली. जोडधंदा म्हणून पोरानं परण्याला घोडा भाड्यानं द्यायचं ठरवलं. सोयाबीनचे पन्नास हजार आणि वहिनीच्या नावावर बचत गटाचं वीस हजार कर्ज, असे सत्तर हजार घेऊन आम्ही माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत गेलो.

दोन दिवस फिरून दोन जनावरं डोळ्यांत भरली. एक नुकरा घोडा, पांढराशुभ्र, गुलाबी कातडीचा, चार वर्षांचा. गळ्यावर देवमण भोवरा. व्यापारी पंच्याहत्तर म्हणत होता, अडुसष्टला आला असता. दुसरी कुमेत घोडी, म्हणजे तांबूस अंगाची, आयाळ-शेपूट काळी. वय नऊच्या पुढं. दिसायला साधी, आणि डोळ्याखाली भोवरा. याला आसूढाळ म्हणतात. असं जनावर घरात रडारड आणतं असं जुने लोक सांगतात, म्हणून गिऱ्हाईक पुढं सरकत होतं. मालक पन्नास म्हणाला, एक्केचाळीसला तुटली.

पुतण्याचं मन नुकऱ्यावर. त्याचंही खरं होतं, पांढऱ्या घोड्याला भाडं जास्त मिळतं. पण माझं मत घोडीचं. का, ते सांगतो.

पहिली गोष्ट, घोड्याची किंमत बाजारात संपत नाही, तिथून सुरू होते. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज पाच-सहा किलो वाळला चारा लागतो, म्हणजे वर्षाला दोन टन. कामाच्या घोड्याला वर दोन किलो चंदी. हरभरा, मका, गव्हाचा कोंडा मिळून किलोला 30 रुपये धरा, वर्षाचे 22,000 रुपये झाले. दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद. जंताचं औषध, धनुर्वाताची लस वेगळी. घोड्याला धनुर्वात लवकर धरतो, खुरात साधा खिळा गेला तरी जनावर जातं. चारा घरचा आहे म्हणून तो फुकट समजू नका. तो विकला असता तर पैसे आलेच असते ना?

म्हणून माझा हिशेब सरळ आहे. सत्तर हजार असतील तर घोडा चाळीस-पंचेचाळीसचा बघायचा. बाकीचे घरी परत आणायचे. सत्तरचा घोडा सत्तरला घेणारा माणूस पहिल्या आजारपणातच घोडा विकायला काढतो, तोही निम्म्यात.

हे मी ऐकून सांगत नाही. पंधराएक वर्षांमागं मी अशाच एका बाजारातून अबलख घोडा घेतला होता. बावीस हजार, होते नव्हते तेवढे सगळे दिले. काय रंग, काय मान! तिसऱ्या दिवशी पुढच्या पायानं लंगडायला लागला. बाजारात दुखणं मारायचं इंजेक्शन दिलेलं असणार, त्याचा असर उतरला. इलाजाला पैसा नव्हता. सात हजाराला दिला. त्या वर्षी खत उधारीवर आणलं.

दुसरी गोष्ट, घोडा कुठून बघायचा? आपण तोंडावरून, रंगावरून, भोवऱ्यावरून बघतो. मी म्हणतो पायापासून वर बघत जा.

पहाटे जा. व्यापाऱ्यानं फिरवून मोकळा करायच्या आधी, थंडीत रात्रभर बांधलेलं जनावर दाव्यावरून कसं निघतं ते बघा. चारही खूर स्वतः उचला. वरून तेल-काळं लावून चकचकीत केलेले असतात, खालून बघा. मधली मऊ त्रिकोणी गादी शाबूत आहे का, कुजल्याचा वास येतो का, खुराच्या भिंतीला भेग आहे का. हात लावल्यावर एकच खूर गरम लागतो का. मग कडक जमिनीवर, दोरी ढिली सोडून दुडक्या चालीनं पळवायला सांगा. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो. मऊ मातीत हे कळत नाही, म्हणून व्यापारी मऊ मातीतच पळवतो. दोन्ही बाजूंनी लहान गोल फिरवा, चार पावलं मागं सरकवा.

दात बघा. साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना समोरच्या दुधाच्या दातांच्या जोड्या बदलतात, पाचव्या वर्षी तोंड भरतं. पुढं खालच्या दातांवरचे खळगे मधल्या जोडीपासून सहा, सात, आठ वर्षांपर्यंत झिजून जातात. त्यापुढं नेमकं वय सांगणं अवघड. काही जण दात कोरून खोटा खळगा करतात. पुढचे दात कडेनं जास्त घासलेले दिसले तर लाकूड चावून हवा गिळायची खोड असू शकते, गव्हाणही बघून घ्या.

डोळ्यापुढं हळूच बोट न्या, पापणी हलते का बघा. पळवून आणल्यावर नाकाशी कान लावा. नाकातून चिकट शेंबूड, जबड्याखाली गाठी, पायावर फुटलेल्या गाठी दिसल्या तर किंमत विचारूच नका. ग्लँडर्स असू शकतो. तो माणसालाही होतो, आणि जनावर बाधित निघालं तर कायद्यानं त्याला मारावंच लागतं. शंका असली तर आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा, तिथून रक्त तपासणीला जातं. हिसारला घोड्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथं ही तपासणी होते.

परण्यासाठी घ्यायचा तर स्वभाव रंगापेक्षा मोठा. पुढं बँड, मागं डीजे, पायात फटाके, आजूबाजूला पोरं. आम्ही दोन्ही जनावरं जत्रेतल्या ढोलाजवळ नेली. नुकरा दोन पायांवर उभा राहिला, त्यात घोडीचा वास आला की आवरेना. कुमेतनं कान हलवले आणि उभी राहिली. शिवाय गुलाबी कातडीला ऊन सोसत नाही, आणि आपल्या लग्नतिथी एप्रिल-मेच्या उन्हात. वजनाचंही बघा. घोड्यानं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझं घ्यावं असा अंदाज आहे. साडेतीनशे किलोच्या जनावरावर खोगिरासकट सत्तर किलो. आताचे नवरदेव बघता हलकं तट्टू या धंद्याला घेऊच नये.

राहिला भोवरा. माझं मत स्पष्ट आहे. केसांचा भोवरा पोटात असतानाच पडतो. त्याचा पायाशी, दमाशी, घराच्या भाग्याशी संबंध नाही. पण बाजारात त्यानं किंमत पडते. ज्याच्याकडं पैसा कमी आहे त्यानं देवमणाचे पंधरा हजार जास्त देऊ नयेत, उलट भोवऱ्यानं पडलेलं धडधाकट जनावर शोधावं. मात्र एक ध्यानात ठेवा. भोवऱ्यामुळं स्वस्त घेतलेलं जनावर विकतानाही स्वस्तच जातं. दोन वर्षांत विकून नफा काढायचा असेल तर हा सल्ला तुमच्यासाठी नाही. पाळायचं, काम करून घ्यायचं, त्यांच्यासाठी आहे.

वहिनीला हे पटवणं अवघड होतं. कर्ज तिच्या नावावर, आणि घरात एकदा रडून झालेलं. तिच्या भीतीला मी हसलो नाही. पुतण्यानं फोन लावून खरं ते सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तिला शिंगरं झाली का? जगली का?" मालकानं सांगितलं, दोन झाली, दोन्ही जगली, धाकटं पलीकडं बांधलंय. वहिनी म्हणाली, "मंग तिच्याच घरी रडणं नाही आलं तर आपल्याकडं कशाला येईल? आणा."

विसार दिला, बाजाराची पावती घेतली, घोडी घरी आली. एकोणतीस हजार परत आले.

आता खरं काय झालं ते. पहिल्या हंगामात अकरा परण्या मिळाल्या. पांढऱ्या घोड्यापेक्षा कमी भाड्यात, हे मान्य. बचत गटाचे हप्ते वेळेवर गेले. पावसाळ्यात चिखलात उभं राहून एक खूर कुजला, सहा आठवडे ती कामाची नव्हती. चूक आमची, जागा उंच आणि कोरडी करायला पाहिजे होती. डॉक्टर, औषध, मुरूम टाकणं, चंदी, सगळं त्या एकोणतीस हजारांतून झालं. ते नसते तर घोडी बाजारात उभी असती आणि कर्ज वहिनीच्या डोक्यावर. अजून धंदा फायद्यात आला असं म्हणणार नाही. पण घोडी दावणीला आहे, धड आहे, आणि देणं फिटत आलंय.

घेणाऱ्यांना दोन शेवटच्या सूचना. आणल्या आणल्या चंदी भरपूर घालू नका, चारा-चंदी आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला, नाहीतर पोटशूळ उठतो. बुरशीचा कडबा नको, दम लागतो. आणि कोंबडी खाद्य तर चुकूनही नको, त्यातली काही औषधं घोड्याला विष आहेत.

पशुवैद्यक मंडळींना विनंती, माझं कुठं चुकलं असेल तर खाली दुरुस्त करा, लोकांच्या उपयोगी पडेल. आणि ज्यांनी आसूढाळ जनावर पाळलंय त्यांनी आपला अनुभव लिहा, बरा असो की वाईट. ऐकीव सांगू नका, आपल्या दावणीचं सांगा.