मूळ नव्हे, घोरपड

मुंबईहून निघणारी एक दिवसाची सहल वज्रेश्वरीला ठरल्याप्रमाणे उरकते. अकलोलीच्या गरम कुंडात स्नान, वसई जिंकल्यावर (१७३९) चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी उभारलेल्या मंदिरात दर्शन, मग गणेशपुरीला नित्यानंदांची समाधी. उरलेला अर्धा तास खरेदीचा. टूर मॅनेजर या अर्ध्या तासात चहाला जातो. नेमके तेव्हाच त्याने गटासोबत असायला हवे.

कोणत्याही एका गावाकडे बोट दाखवायचे नाही, पण देवस्थानांच्या बाजारांत, ज्योतिषसाहित्याच्या दुकानांत आणि ऑनलाइनही ‘हाथाजोडी’ नावाची वस्तू विकली जात आली आहे. शेंदूर माखलेली, लवंग-वेलदोड्यांसह डबीत ठेवलेली, जोडलेल्या हातांसारखी दिसणारी. दुर्मीळ वनस्पतीचे मूळ, तिजोरीत ठेवा, लक्ष्मी टिकते, असे सांगतात. प्रत्यक्षात ते नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. २०१७ मध्ये वन्यजीव अभ्यासकांनी नमुने तपासून हे उघड केले. काही नमुने तर निव्वळ प्लास्टिकचे निघाले. ज्या विंचवी या वनस्पतीच्या नावावर हा माल खपतो, तिची काळी, दोन आकड्यांची फळे आपल्याकडे पडीक माळावर फुकट मिळतात, आणि ती मूळची मेक्सिकोची! भिंतीवर फ्रेम करून लावले जाणारे ‘इंद्रजाल’ हेही झाड नव्हे. ते समुद्रातले काळे प्रवाळ किंवा समुद्रपंखा असते, आणि दोन्ही २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत.

घोरपडही अनुसूची १ मध्येच आहे. तिचा अवयव नुसता जवळ बाळगणे हादेखील गुन्हा ठरतो. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार किमान २५,००० रुपये दंड. ‘मला मूळ वाटले’ या सबबीवर सहलकऱ्याने विसंबू नये. गणेशपुरीला परदेशी साधकही येतात. भारतात सर्वत्र आढळणारी घोरपड वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्ट १ मध्ये असल्याने त्यांच्या सामानात ही डबी सापडली तर विमानतळावरचे प्रकरण वेगळेच.

म्हणून वनखात्याच्या छाप्यांची वाट पाहणे पुरेसे नाही. टोपली घेऊन बसलेल्या गरीब विक्रेत्याशी हुज्जत घालण्यातही अर्थ नाही. शिकार आणि पुरवठा करणारे त्याच्या मागे असतात. मागणी मात्र आपल्याच बसमधून उतरते. गिऱ्हाईक डबी हातात घेऊन ‘खरी आहे का हो?’ असे विचारते ते गाइडला, आणि गाइड कमिशनसाठी किंवा भिडेखातर गप्प राहिला तर सौदा पक्का होतो. बस थांबण्यापूर्वी ‘हाथाजोडी हे मूळ नव्हे, घोरपडीचा अवयव आहे. ती घेऊ नका’ ही दोन वाक्ये माइकवरून सांगायला एक मिनिटही लागत नाही. सहलीच्या छापील माहितीपत्रकातही ती असावीत.

असा माल दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर ठिकाण आणि वेळ कळवावी. पुरावा म्हणून तो विकत घेण्याचा उत्साह मात्र कुणी दाखवू नये. घेणाराही त्याच कायद्यात अडकतो.